जुन्या विजेरीचें मोल

मनुष्यानें केलेल्या वस्तूंत दिव्याइतका मान फारच थोड्या वस्तूंस मिळाला आहे. तिन्हीसांजेस समई लागली कीं घरांतील लहानथोर हात जोडतात. आषाढांत दिव्यांची अंवस आली म्हणजे समया, निरांजनें, लामणदिवे, कंदील असे सगळे दिवे घांसूनपुसून पाटावर मांडले जातात. परंतु दिव्यांच्या ह्या मोठ्या कुळांत एक दिवा असा आहे कीं, त्यास पाटावर जागा नाहीं आणि देव्हाऱ्यांतही नाहीं. तो दिवा म्हणजे हातांत धरून न्यावयाची विजेची बत्ती. ग्रंथांत तिला विजेरी म्हणतात. आमच्या वऱ्हाडांत तिचें नांव सरळ 'बॅटरी', आणि तिच्या पोटांत घालावयाचे ते 'सेल'. तिची पूजा कोणी केली नाहीं; पण अंधाऱ्या रात्रीं घराबाहेर पाऊल टाकतांना आपल्या वाडवडिलांनीं जिच्यावर भरंवसा ठेवला, ती हीच.

आज ही विजेरी अडगळींत पडली आहे. प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईल फोनास दिवा आहे. मग ती चमकत्या पत्र्याची लांब नळी कोण हातीं घेतो? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोठ्याच्या वळचणीस ती पडून असते. झांकण हरवलेलें, आंत सेल फुगून घट्ट बसलेले, भिंगाला तडा गेलेला. दिवाळीची झाडलोट निघाली म्हणजे ती भंगारवाल्याच्या तराजूंत जाते, आणि तिच्याबद्दल चार नाणीं घरांत येतात. ह्या सौद्यांत आपण काय दिलें व काय घेतलें, याचा विचार कोणी करीत नाहीं. तो आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : जुन्या विजेऱ्या व विजेचे हातकंदील जपावे, दुरुस्त करावे, मात्र दुरुस्त करतांना ते पेटते करावे, नवे करूं नयेत. ह्या शेवटच्या शब्दांचा अर्थ पुढें स्पष्ट होईल. प्रथम ही वस्तु आली कोठून तें पाहूं.

१८६६ सालीं जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थानें जस्त, कोळसा, मँगेनीजचा ऑक्साइड व नवसागराचें पाणी यांच्या योगानें विजेचा एक घट तयार केला. हा घट कांचेच्या बरणींत असे; बरणी कलंडली कीं पाणी सांडे. १८८६ सालीं कार्ल गासनर या जर्मन डॉक्टरानें नवसागर प्लास्टरमध्यें कालवून जस्ताच्या भांड्यांतच बसविला आणि ओल्या घटाचा कोरडा घट केला. आडवा धरा, उलटा करा, कांहीं सांडत नाहीं. विजेरीचा जन्म खरें पाहतां येथेंच झाला; कारण जो दिवा हातांत धरून चालावयाचें, त्याची वीजही हातांत धरून चालण्याजोगी पाहिजे. १८९६ सालीं अमेरिकेंतील नॅशनल कार्बन कंपनीनें असे कोरडे घट मोठ्या प्रमाणावर बाजारांत आणले. आणि १० जानेवारी १८९९ रोजीं डेव्हिड मिसेल यास अमेरिकेंत विजेरीचें पेटंट मिळालें. कागदाच्या नळींत एकामागें एक ठेवलेले तीन सेल, टोंकाला लहानसा गोळा, आणि गोळ्याभोंवतीं पितळेचा ओबडधोबड परावर्तक, एवढेंच तिचें रूप होतें. हें पेटंट ज्या कंपनीकडे गेलें तिचा मालक कॉनरॅड ह्यूबर्ट हा रशियाच्या साम्राज्यांतून न्यूयॉर्कास जाऊन राहिलेला मनुष्य होता. त्यानें पहिल्या कांहीं विजेऱ्या त्या शहराच्या पोलिसांस वापरावयास दिल्या, आणि पोलिसांनीं केलेली स्तुति हीच तिची पहिली जाहिरात झाली.

इंग्रजींत हिला 'फ्लॅशलाइट', म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, असें नांव कां पडलें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे. पहिल्या गोळ्यांत कोळशाची तार असे. ती वीज फार खाई, आणि सेल तर अगदीं अशक्त. त्यामुळें कळ दाबावी, क्षणभर उजेड पहावा आणि लगेच कळ सोडावी, असाच तिचा उपयोग करावा लागे. १९१० च्या सुमारास टंगस्टन धातूची तार प्रचारांत आली, तेव्हां कोठें विजेरीचा उजेड स्थिर झाला. वस्तु सुधारली, पण तिच्या बालपणींचें नांव तिला तसेंच चिकटून राहिलें.

पुढें ह्या दिव्याचीं भावंडें पुष्कळ झालीं. १९१४ च्या सुमारास एडिसननें खाणींतील कामगारांसाठीं टोपीवर लावावयाचा विजेचा दिवा तयार केला. त्याची बॅटरी कमरेच्या पट्ट्यास बांधलेली असे. आमच्या विदर्भांतील कोळशाच्या खाणींतही टोपीवरच्या दिव्यानें अनेक पिढ्यांस भूमीखालीं वाट दाखविली आहे. सायकलीच्या चाकावर घांसून फिरणारा डायनॅमो आला; त्याचा दिवा चढावर मंदावे आणि उतारावर उजळे. दुसऱ्या महायुद्धांत सेल मिळेनासे झाले, तेव्हां हॉलंडमध्यें फिलिप्स कंपनीनें मुठींत दाबून वीज उत्पन्न करावयाची विजेरी काढली. त्याच युद्धांत इंग्लंडांत रात्रीं दिवे झांकण्याचा हुकूम होता, आणि हातांतील विजेरीच्या भिंगावरही पातळ कागद लावून बाहेर पडावें लागे. एवढ्याशा दिव्यानेंही जगाचा किती इतिहास पाहिला आहे!

हिंदुस्थानांत ही वस्तु प्रथम परदेशांतून आली. १९३४ सालीं कलकत्त्यास एव्हरेडीची हिंदी कंपनी स्थापन झाली, आणि कांहीं वर्षांतच तेथें सेल तयार होऊं लागले. १९५८ सालीं लखनौस विजेऱ्यांचा कारखाना निघाला. अलाहाबादेची 'जीप' विजेरीही अशीच घरोघर पोंचली. देशांतच तयार होऊं लागल्यावर ही वस्तु श्रीमंताच्या दिवाणखान्यांतून शेतकऱ्याच्या खुंटीवर आली. परंतु ह्या कथेंत एक काळें पानही आहे, आणि तें वगळून पुढें जाणें आम्हांस उचित वाटत नाहीं. एव्हरेडीच्या कंपनीचें नांव १९५९ सालीं युनियन कार्बाइड इंडिया असें झालें. हिच्याच भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यांतून १९८४ च्या डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधील रात्रीं विषारी वायु बाहेर पडला, आणि झोंपेंतील हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें ती कंपनी दुसऱ्या मालकांकडे गेली व १९९५ सालीं तिचें नांवही बदललें. सातपुड्याच्या अलीकडे ज्या विजेरीनें आमच्या शेतकऱ्यास वाट दाखविली, तिचा हिशेब व सातपुड्यापलीकडील त्या रात्रीचा हिशेब एकाच कंपनीच्या वह्यांत होता. जुनी वस्तु जपणें म्हणजे केवळ तिचें कौतुक करणें नव्हे. तिच्यावरील नांव वाचतां येणें व त्या नांवामागील सर्व गोष्टी, बऱ्या तशाच वाईटही, ठाऊक असणें, हाही त्या जपण्याचाच भाग आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, असल्या किरकोळ वस्तु जपण्याची रीति आपल्याकडे कोठें आहे? आहे, आणि ती चांगली जुनी आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता करणारे गृहस्थ. त्यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि जन्मभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं, दरवाजे अशा वीस हजारांहून अधिक वस्तु जमविल्या. त्यांतील दिव्यांचा संग्रह तर विशेष प्रसिद्ध आहे. लहानपणींच वारलेल्या 'राजा' ह्या मुलाच्या नांवानें त्यांनीं हें संग्रहालय उभें केलें, आणि १९७५ सालीं तें सर्वच्या सर्व महाराष्ट्र सरकारास देऊन टाकलें. राजांच्या तरवारी सांभाळणारे पुष्कळ असतात. गृहिणीच्या हातांतील दिवा सांभाळण्याजोगा आहे, असें वाटावयास कवीचें मन लागलें. तशीच गोष्ट 'प्रभाकर' कंदिलाची. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस ओगले बंधूंनीं १९१६ सालीं कांचेचा कारखाना काढला, आणि पुढें त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लागला. तो आज कोणाच्या घरीं सांपडला तर लोक कौतुकानें पाहतात. विजेरी त्याच्या नंतरची. म्हणून तिच्या वांट्यास तें कौतुक अजून आलेलें नाहीं. परंतु कालची वस्तु जुनी होण्याची वाट पाहत बसलें, तर ती जुनी होण्यापूर्वींच नाहींशी होते. आजोबांची वस्तु नातू जपतो, बापाची वस्तु मुलगा फेंकतो, असा जगाचा अनुभव आहे. आणि म्हणूनच विजेरीच्या बाबतींत हीच वेळ जपण्याची आहे.

आमच्या वरुडास तर ह्या गोष्टीचें विशेष कारण आहे. हें संत्र्यांचें गांव. येथील संत्रें लोक दिवसा उजेडीं पाहतात व त्याच्या रंगाची तारीफ करतात; परंतु तें झाड जगविण्याचें निम्मे काम रात्रीं झालेलें आहे, हें फार थोड्यांस माहीत असतें. आंबिया बहार धरावयाचा म्हणजे झाडांस आधीं ताण द्यावयाचा, आणि मग थंडीच्या दिवसांत ताण तोडून पहिलें पाणी द्यावयाचें. विहिरींवर विजेचे पंप बसले, पण शेतीची वीज अनेक वर्षें पाळीपाळीनें मिळत गेली : एका आठवड्यास दिवसा, तर दुसऱ्यास रात्रीं. रात्रपाळी आली कीं पौषाच्या कडाक्याच्या थंडींत, सापविंचवांच्या वाटेनें, वावरांत जाऊन ओलीत करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पीक उभें असेल तर रानडुकरांसाठीं जागल करावयाची. ह्या सगळ्या कामांत एका हातांत कुदळ किंवा काठी, आणि दुसऱ्या हातांत बॅटरी. पाणी कोणत्या दांडापर्यंत पोंचलें, कोणत्या आळ्यांत फुटलें, पायाखालीं पडलें आहे तें दावें आहे कीं जनावर, हें सर्व तिनेंच सांगावयाचें. २०१७ सालापासून सूर्यशक्तीच्या विजेवर दिवसाच ओलीत व्हावें अशी सरकारची योजना निघाली आहे. ती सर्वत्र पूर्ण होवो, अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्या दिवशीं ती पूर्ण होईल, त्या दिवशीं रात्रींच्या ओलिताची आठवण सांगणारी वस्तु म्हणून एखादी जुनी बॅटरीच तेवढी उरेल. तीही आपण तोंवर विकून टाकलेली असली, तर पुढच्या मुलांस त्या रात्री सांगणार कोण?

येथें आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. जुनी विजेरी हातीं आली म्हणजे बहुतेकांस पहिली इच्छा होते ती तिला लखलखीत करण्याची. चिंच लावतात, राख लावतात, पॉलिश कागदानें घांसतात, आणि शेवटीं वर रंगाचा एक हात देतात. वस्तु नव्यासारखी दिसूं लागते, आणि करणारास धन्य वाटतें. आमच्या मतें हें दुरुस्त करणें नव्हे. हें पुसून टाकणें आहे. ज्या बॅटरीनें वीसपंचवीस हिंवाळे वावरांत काढले आहेत, तिच्या अंगाकडे नीट पहा. कळीच्या शेजारीं जेथें आंगठा टेंकत असे, तेथला मुलामा झिजून आंतील पिवळें पितळ दिसूं लागलेलें असतें. टोंकाची कड एका बाजूस ठेंचलेली असते. कारण रात्रीं पंपाच्या पेटीचें दार तिनेंच ठोकून उघडलें जाई. बुडाशीं सुतळी बांधलेली असते, ती गळ्यांत अडकविण्यासाठीं. कारण दोन्ही हात कामांत असत. ह्या खुणा म्हणजे मळ नव्हे. ते त्या वस्तूचें चरित्र आहे.

आणि तें चरित्र बहुतेक वेळां मालकाचें नसतें. बॅटरी विकत घेतली मालकानें, ती टांगलेली असे मालकाच्या ओसरीवर; परंतु रात्रीं दोन वाजतां ती उचलून वावराकडे चालूं लागे तो सालदार. आंगठ्याची ती झीज बहुधा त्याच्या आंगठ्याची आहे. सातबाऱ्यावर त्याचें नांव नाहीं, बागेच्या फलकावर नाहीं, संत्र्याच्या पेटीवर तर नाहींच नाहीं. त्यानें ह्या बागांसाठीं किती रात्री काढल्या, याचा एकमेव लेख म्हणजे पितळेवरील तो बोटाएवढा डाग. आपण पॉलिश कागद घेऊन तो डाग घांसून काढला, तर वस्तु चमकेल खरी. पण साक्षीदार मुका होईल. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं विजेरी पेटती करावी, नवी करूं नये.

पेटती तरी कां करावी? जशी आहे तशीच कपाटांत कां ठेवूं नये? कांहीं जाणत्या संग्राहकांचें मत असेंच आहे कीं, जुन्या वस्तूस हातच लावूं नये. देवळांतील मूर्ति किंवा ताम्रपट यांविषयीं तें मत आम्हांस मान्य आहे. परंतु विजेरीचें सर्व मर्म तिच्या उजेडांत आहे. ती पेटली म्हणजेच तिचा पिवळसर झोत, मधला ठळक ठिपका व भोंवतालचें वलय दिसतें, आणि आजच्या पांढऱ्या उजेडाहून तो किती निराळा होता हें कळतें. जीवर तिचें सर्व आयुष्य गेलें ती गोष्टच तिला करतां येत नसेल, तर ती अर्धीच जपली गेली. मात्र जी विजेरी कापल्यावांचून उघडणारच नाहीं, ती तशीच बंद ठेवावी. मोडलेली वस्तुही आपल्या परीनें खरें बोलते.

दुरुस्तीची रीति कठीण नाहीं. परंतु तींत क्रम पाहिजे व धीर पाहिजे. प्रथम वस्तु जशी मिळाली तशी तिची छायाचित्रें घ्यावींत. नंतर घरांतील वडील माणसास जवळ घेऊन, हातमोजे घालून, उघड्या जागेंत ती उघडावी. जुने सेल आंत अडकले असल्यास विस्तवावर धरूं नयेत, हातोडीनें ठोकूं नयेत, आणि सेल कधींही फोडूं नयेत. पूर्वींच्या सेलांत थोडा पाराही घालीत असत. सेल वापरला जाऊं लागला म्हणजे त्याचें जस्ताचें भांडेंच हळूहळू झिजतें, आणि अखेर त्याला भोंक पडून आंतला द्रव पाझरतो. साध्या जस्त-कोळशाच्या सेलाचा पाझर आम्लधर्मी असतो. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावा. अलीकडच्या अल्कलाइन सेलाचा पाझर क्षारधर्मी असतो व त्याची पांढरी खपली धरते. तिला लिंबाचा रस किंवा शिरका लावावा. रसायनशास्त्राच्या तासास आम्ल व क्षार एकमेकांस मारतात असें पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यानें तें येथें डोळ्यांनीं पहावें. नंतर कोरड्या फडक्यानें पुसून उन्हांत वाळवावें.

त्यापुढें वीज कोणत्या वाटेनें जाते तें शोधावें. सेलाच्या पितळी टोपींतून ती गोळ्याच्या बुडास जाते, तारेंतून फिरून गोळ्याच्या कड्यास येते, तेथून नळीच्या पत्र्यांत, पत्र्यांतून कळीच्या पट्टींत, आणि अखेर मागच्या स्प्रिंगेवाटे सेलाच्या बुडाशीं. दहांत नऊ विजेऱ्या मेलेल्या नसतात. ह्या वाटेवर कोठें तरी गंजाचा एक कण आडवा पडलेला असतो. जेथें धातु धातूस टेंकतो तेवढ्याच जागीं बारीक पॉलिश कागद फिरवावा, इतरत्र नाहीं. कारण निकलचा मुलामा फार पातळ असतो व एकदां गेला म्हणजे परत येत नाहीं. परावर्तकास फडकें किंवा बोट लावूं नये. फुंकर घालावी, फार तर मऊ कुंचला फिरवावा. कांचेचें भिंग साबणाच्या पाण्यानें धुवावें. गोळा बदलतांना व्होल्ट पहावे : एका सेलाचे दीड व्होल्ट, म्हणून दोन सेलांच्या विजेरीस सुमारें अडीच व्होल्टांचा गोळा, आणि तीन सेलांच्या विजेरीस साडेतीन ते पावणेचारचा. जळालेला जुना गोळा फेंकूं नये. चिठ्ठी लावून जवळ ठेवावा. आपण जो नवा भाग घालूं तो पुढें कोणासही सहज काढतां यावा व तो नवा आहे हें कळावें, एवढें पथ्य पाळलें म्हणजे झालें. आणि उजेड पाहून झाल्याबरोबर सेल काढून ठेवावेत. बहुतेक विजेऱ्या पडून नव्हे, तर आंत विसरलेल्या सेलांनीं मेलेल्या आहेत. निकामी सेल केरांत टाकूं नयेत. बॅटऱ्यांच्या कचऱ्याविषयीं २०२२ सालीं देशांत नियम झाले आहेत, आणि असा कचरा गोळा करणारांकडेच तो पोंचवावा.

कोणी पालक म्हणतील, ह्या खटाटोपांत मुलांचा अभ्यास बुडेल. आम्हांस उलट वाटतें. विजेचें मंडल पुस्तकांत रेघांनीं काढलेलें असतें. येथें तें हातांत येतें. एक तास प्रयत्न करूनही न पेटलेली विजेरी जेव्हां स्प्रिंग थोडी ताणतांच झळकते, तेव्हां जो धडा मनावर ठसतो तो परीक्षेनंतरही राहतो. दुसरे कोणी म्हणतील, नवी विजेरी स्वस्त मिळत असतां जुनीची उठाठेव कशाला? ह्याचें उत्तर नव्या विजेरीनेंच द्यावें. बाजारांतील पुष्कळशा स्वस्त विजेऱ्या डिंकानें चिकटवून बंद केलेल्या असतात; आंतील बॅटरी दमली कीं सबंध वस्तु फेंकावयाची. जुनी विजेरी हातानेंच फिरवून उघडतां येते, पेंचकससुद्धां लागत नाहीं. जिनें ती घडविली त्या पिढीनें, घेणारा मनुष्य ती कधीं तरी दुरुस्त करील, असें धरून ती घडविली. ज्या मुलानें आयुष्यांत एकही वस्तु उघडून पाहिली नाहीं, त्यास कोणतीही बंद वस्तु विकतां येते. आणि बंद वस्तूच काय, बंद विचारही विकतां येतो.

एक धोका मात्र आम्हीं डोळ्यांआड करीत नाहीं. संग्रहाची हौस लवकरच हांव होते. शहरांत जुन्या वस्तूंस चांगली किंमत येते हें कळलें कीं, खेड्यांत जाऊन गरिबाच्या खुंटीवरील वस्तु कवडीमोलानें उचलणारे निघतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं तसें करूं नये. जी बॅटरी अजून कोणाच्या उपयोगांत आहे, तिला हात लावूं नये. उलट ती बिघडली असल्यास दुरुस्त करून ज्याची त्यास द्यावी. जी पडून आहे तीही घरच्यांच्या संमतीनेंच घ्यावी. संग्रह म्हणजे वस्तु आपल्याकडे असणें, ही समजूतही सोडली पाहिजे. वस्तु ज्याच्या त्याच्या घरीं राहूं द्या. तिची नोंद शाळेंत येऊं द्या.

म्हणून आमची सूचना अशी. शाळेच्या विज्ञानशाळेंत एक वही ठेवावी. ज्या विद्यार्थ्यास जुनी विजेरी, सायकलीचा दिवा, विजेचा हातकंदील सांपडेल, त्यानें त्या वहींत एक पान लिहावें : वस्तु कोठें सांपडली; तिच्यावर कोणत्या कारखान्याचें नांव आहे; ती कोणीं व केव्हां घेतली; ती हातांत धरून कोण हिंडत असे; तिच्या अंगावर कोणत्या खुणा आहेत; आणि आपण तिच्यांत काय बदललें. यांपैकीं चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचें उत्तर पुस्तकांत नाहीं. तें आजोबांस, आजीस, शेजारच्या म्हाताऱ्या सालदारास विचारावें लागेल. कोणी सांगेल कीं बिबट्याचे डोळे हिच्या उजेडांत चमकले. कोणी सुईण सांगेल कीं ह्याच उजेडांत अमक्याचा जन्म झाला. कोणी सांगेल कीं पाणी देतां देतां सेल संपले, आणि उरलेली रात्र चांदण्यावर काढली. तीं माणसें आज आहेत. विजेरी माळ्यावर आणखी दहा वर्षें पडून राहील. ज्यांना तिची हकीगत ठाऊक आहे तीं माणसें दहा वर्षें थांबतीलच असें नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे कीं, येत्या दिवाळीस झाडलोट करतांना माळ्यावरची जुनी बॅटरी हातीं लागली, तर ती तराजूंत घालण्यापूर्वीं आपल्या मुलाच्या हातांत द्यावी, आणि ती कोणाच्या हातांत असे तेंही त्यास सांगावें. मुलांनीं ती उघडावी, पुसावी, पेटवावी. आणि मालकाच्या नांवाशेजारीं सालदाराचेंही नांव वहींत लिहावें.